एकाच झाडाखाली वर्षभराचे निसर्गशिक्षण कसे घ्यावे

वर्षातून एकदा बस ठरवून मुलांना अभयारण्यात नेले की निसर्गशिक्षणाची जबाबदारी पार पडली, अशी समजूत अनेक शाळांत आणि घरांतही दिसते. अशा सहलीत मुलांना आनंद मिळतो आणि तो मिळायलाच हवा, परंतु एका दिवसात पाहिलेले पन्नास पक्षी महिनाभराने आठवत नाहीत. शाळेच्या आवारातले किंवा घराजवळचे एकच झाड जूनपासून एप्रिलपर्यंत दर आठवड्याला पाहिले, तर सजीवांची वाढ, त्यांचे परस्परावलंबन आणि ऋतूंची चाहूल या गोष्टी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळतात. तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी हा उपक्रम कसा चालवावा, हे येथे सांगितले आहे. शिक्षकांनी मनावर घेतले तर तो परिसर अभ्यासाच्या तासिकेत सहज बसतो.

झाड निवडताना ते दुर्मीळ किंवा देखणे असण्याची गरज नाही. शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर असलेले, खालच्या फांद्या मुलांच्या नजरेच्या टप्प्यात असलेले आणि भोवती सर्वांना बसता येईल एवढी मोकळी जागा असलेले देशी झाड घ्यावे. करंज, उंबर, वड, पिंपळ, चिंच, आंबा, बहावा यांपैकी काहीतरी बहुतेक गावांत आणि शहरांतही सापडतेच. माझी पहिली पसंती करंजाला आहे, कारण रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित उभ्या असलेल्या या झाडावर वर्षभर काही ना काही घडत असते. झाड खासगी जागेत असेल तर मालकाची परवानगी आधीच घ्यावी आणि पालकांनाही कळवून ठेवावे.

चाळीस मुलांचा वर्ग एकदम झाडाखाली नेला तर गोंगाटापलीकडे फारसे काही होत नाही. पाच-पाच मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटाला झाडाचा एक भाग नेमून द्यावा (एकाला खोड, दुसऱ्याला खालच्या फांदीची पाने, तिसऱ्याला बुंध्याभोवतीची माती आणि पालापाचोळा) आणि दर महिन्याला हे भाग गटांमध्ये फिरवावेत. सोबत निदान एक मोठी व्यक्ती जास्तीची असावी. साहित्य थोडेच लागते : प्रत्येकाला एक कोरी वही व पेन्सिल, प्रत्येक गटाला एक भिंग, आणि सर्वांत मिळून एक सुतळीचा गुंडा व एक मोजपट्टी.

पहिल्या भेटीत काहीही शिकवू नये. मुलांना झाडाखाली एकमेकांपासून थोडे अंतर ठेवून बसवावे आणि दहा मिनिटे कोणीही बोलायचे नाही एवढीच सूचना द्यावी. सुरुवातीची तीन-चार मिनिटे चुळबुळीत जातात, त्यानंतर मुंग्यांची रांग, पानांचा आवाज, मातीचा वास यांकडे लक्ष जाऊ लागते. वेळ संपल्यावर प्रत्येकाने वहीत तारीख, वेळ, आभाळाची स्थिती आणि आपण पाहिलेली किंवा ऐकलेली एक गोष्ट लिहावी. नंतर एका पानाचे चित्र काढावे. चित्रासाठी खोडरबर देऊ नये, कारण रबर हाती आला की मुले पानाकडे पाहण्याऐवजी चित्र सुबक करण्यात रमतात. पानाला किती पर्णिका आहेत, शिरा कडेपर्यंत पोचतात का, देठ कोठे फुगीर आहे, हे चित्रात उतरले की काम झाले.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मोजमाप घ्यावे. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर सुतळी गुंडाळून मोजतात. वनविभागातही हीच उंची धरली जाते, कारण बुंध्याशी मुळांमुळे खोड फुगलेले असते. त्या उंचीवर खडूने बारीक खूण करावी आणि उंची वहीत लिहून ठेवावी, म्हणजे वर्षाअखेरीस त्याच जागी पुन्हा मोजता येईल. झाडाची उंची मोजायला उन्हाचा दिवस आणि सपाट जमीन हवी. एक मीटरची काठी उभी धरून तिची सावली मोजायची आणि त्याच वेळी झाडाचीही सावली बुंध्यापासून मोजायची. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि झाडाची ८ मीटर भरली, तर झाडाची उंची १० मीटर. गणिताच्या तासाला रुक्ष वाटणारे गुणोत्तर येथे मुलांच्या हाती लागते.

पावसाळ्यात करंजाच्या पानांवर बोटांसारखे उभे फुगवटे आणि पांढरट चट्टे हमखास दिसतात. फुगवटे कोळीवर्गातल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांमुळे येतात, तर चट्टा म्हणजे पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खाणाऱ्या अळीचे घर असते. असे पान तोडू न देता फांदीवरच उन्हाकडे धरून खालून पाहायला सांगावे. चट्टा ताजा असेल तर आत हलणारी इवलीशी अळी आणि तिच्या विष्ठेचे काळे कण दिसतात. ज्याला मुले आतापर्यंत किडके पान म्हणत आली, त्याच्या आत कोणीतरी राहते हे समजल्यावर त्यांचे प्रश्न थांबत नाहीत. हिवाळ्यात चपट्या, कडक शेंगा पाहाव्यात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पानगळ होऊन लगेच चकचकीत पोपटी पालवी फुटते, म्हणून त्या काळात आठवड्यातून दोन वेळा जावे. त्यानंतर एप्रिलच्या आसपास फुलांचा बहर येतो आणि भुंगे व मधमाश्या गर्दी करतात.

झाड उंबराचे असेल तर फळे पिकण्याच्या वेळेवर लक्ष ठेवावे. एखादे लालसर होऊ लागलेले फळ शिक्षकांनी स्वतः कापून दाखवावे. आतल्या पोकळीत दाटीने बसलेली बारीक फुले आणि बहुधा त्यांतून बाहेर पडणारी चिलटांएवढी गांधीलवर्गीय कीटके दिसतात. परागीभवनासाठी उंबर या कीटकांवर अवलंबून असतो आणि कीटकांची वीण उंबराच्या फळातच होते. फळे पिकली की तांबट, कोकिळा आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल यांची वाट पाहावी.

मुलाने ‘हे काय आहे?’ असे विचारल्याबरोबर नाव सांगण्याचा मोह आवरावा. नाव मिळाले की बहुतेक मुले पाहणे थांबवतात. ते काय खात असेल, कालही येथेच होते का, याच बाजूला का बसले असेल, असे उलट प्रश्न विचारावेत आणि नाव आठवड्याने सांगितले तरी चालते. शिक्षकांना नाव ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगून वर्गासोबत शोधावे. गावातले गुराखी, धनगर, वैदू आणि मुलांच्या आज्या यांना झाडाखाली आवर्जून बोलवावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये काम करताना गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली आणि बिया, दगड, शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य केले. त्या कामाची आठवण प्रत्येक शिक्षकाने ठेवावी असे मला मनापासून वाटते.

सुरक्षेच्या बाबतीत ढिलाई नको. मुले येण्याआधी मोठ्या व्यक्तीने बुंधा, ढोली, दगडांच्या फटी आणि गवत काठीने तपासावे. झाडावर आग्या मोहोळ असेल तर ते झाड त्या हंगामापुरते सोडून द्यावे. केसाळ सुरवंटांना आणि खाजकुहिलीच्या शेंगांना हात लावू नये, रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे नमुना दुरून दाखवून समजावावे. पायांत बूट हवेत. ढगांचा गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी सर्वांना इमारतीत न्यावे, झाडाखाली आडोसा घेऊ नये. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे टाळावे, मुलाला चालू न देता शांत ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोचवावे. ते रुग्णालय कोणते, याची चौकशी जूनमध्येच करून ठेवावी.

घरी न्यायला फक्त खाली पडलेल्या वस्तू घ्याव्यात. पिसे मात्र जागच्या जागी पाहून तेथेच ठेवावीत, कारण वन्यपक्ष्यांची पिसे बाळगणे कायद्याने अडचणीचे ठरू शकते.

एप्रिलच्या शेवटच्या भेटीत घेर पुन्हा मोजावा आणि जूनच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक फारच थोडा असतो किंवा मोजण्यातल्या चुकीएवढाच भरतो, त्यामुळे तो नेमका कशाचा आहे यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी. त्यानंतर वह्या शाळेच्या कपाटात जपून ठेवाव्यात आणि जूनमध्ये त्याच झाडाखाली बसणाऱ्या पुढच्या वर्गाच्या हाती द्याव्यात, म्हणजे पालवी यंदा लवकर फुटली की उशिरा, हे त्यांना तारखांवरून ताडून पाहता येईल.