चोर पकडायला धावू नका, आधी नीट कळवा : सोसायटी आणि गावाच्या सुरक्षेत होणाऱ्या चुका

घरफोडी झाली की आठवड्याभरात सोसायटीची मीटिंग भरते. कॅमेरे वाढवायचे, वॉचमन बदलायचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा असे ठराव होतात आणि वर्गणीवरून वाद होतो. गावात हेच ग्रामसभेत होतं, फक्त वॉचमनच्या जागी गस्त येते. यातलं काहीच वाईट नाही. पण पुढच्या वेळी काही घडलं की कॅमेऱ्यात टोपीचा शेंडा दिसतो, ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो आणि पोलिसांना पहिला फोन जायला पाऊण तास लागतो. कोणी ना कोणी काहीतरी पाहिलेलं असतंच. ते नीट टिपलं जात नाही आणि वेळेत पोहोचत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

११२ ला 'मारुतीच्या देवळामागे' असा पत्ता सांगणं

११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला की तुमच्या पोलीस ठाण्यात घंटी वाजत नाही. महाराष्ट्राचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, जोडकेंद्र नागपुरात. तिथं फोन घेणाऱ्याला तुमचं मारुतीचं देऊळ कुठून ठाऊक असणार? मारुतीचं देऊळ नसलेलं गाव महाराष्ट्रात शोधूनही सापडायचं नाही. मोबाइलवरून लोकेशन जातं, पण ते दर वेळी अचूक असेल याची खात्री नसते.

म्हणून क्रम ठरवून ठेवा : जिल्हा, गाव किंवा शहर, हद्दीचं पोलीस ठाणं, रस्ता, मग खूण. त्यानंतर प्रकार आत्ता चालू आहे की होऊन गेला, माणसं किती, हातात काय, वाहन कुठलं, कोणत्या दिशेनं. उदाहरणार्थ : "नाशिक जिल्हा, सिन्नर शहर, सिन्नर पोलीस ठाणं, बसस्टँडच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर. बंद घराचं कुलूप तोडतायत, दोघं आत, एक बाहेर मोटारसायकलवर. मी समोरच्या गच्चीवर आहे." एवढं बोलायला वीस सेकंद पुरतात. हद्दीच्या पोलीस ठाण्याचं नाव आणि संपूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये आणि लिफ्टजवळ लावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या इमारतीचा पिनकोडही आठवत नाही.

दुसरी चूक फोन ठेवल्यावर होते. केंद्रातून जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो आणि रस्ता विचारायला गाडीवरचे अंमलदार तुम्हाला परत फोन करतात. नेमका तेव्हा तुमचा नंबर चेअरमनशी, भावाशी, मेव्हण्याशी बोलण्यात गुंतलेला असतो. ज्यानं ११२ लावला त्यानं फोन मोकळा ठेवायचा. बाकीच्यांना उठवायचं काम दुसऱ्यानं करायचं.

वर्णन सांगताना लोक शर्टाचा रंग सांगतात. शर्ट पुढच्या वळणावर बदलता येतो. चपला-बूट, चालण्याची लकब, पाठीवरची सॅक, हेल्मेट, बोलण्याची भाषा हे जास्त कामाचं. गाडीचा अख्खा नंबर वाचता आला नाही तर शेवटचे चार आकडे आणि गाडीचा प्रकार धरा.

गस्तीला 'पकडण्याचा' अधिकार आहे असं समजणं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती, तेवढंच निमित्त. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघे असेच गेले. त्या भागातही चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि लोक रात्री जागत होते. जागता पहारा आणि जमाव यांच्यात अंतर फार थोडं असतं, हे गस्त सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगावं.

कायदा काय म्हणतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणूस दुसऱ्याला धरू शकतो, पण दोनच प्रसंगी : त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल, किंवा समोरचा उद्घोषित गुन्हेगार (कोर्टानं फरार जाहीर केलेला) असेल. धरल्यावर विनाकारण वेळ न घालवता, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. 'संशयास्पद वाटला', 'आपल्या भागातला नाही', 'आधार कार्ड दाखवेना' यातलं काहीच कलम ४० मध्ये बसत नाही. खांबाला बांधणं, अंगझडती घेणं, व्हिडिओ काढत जाब विचारणं हे तुमच्यावरच गुन्हा दाखल व्हायला पुरेसं आहे. पाच किंवा जास्त लोकांचा बेकायदा जमाव ठरला आणि समान उद्देश सिद्ध झाला, तर प्रत्यक्ष हात न उचलणाराही अडकतो.

गस्त घालायचीच तर अशी :

- नावांची यादी, फोन नंबर आणि वार पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. गावात पोलीस पाटलांना बरोबर घ्या. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार गावातली अशी माहिती ठाण्याला कळवणं हे त्यांचं कामच आहे.
- एका वेळी चार ते पाच जण. दारू घेतलेला माणूस परत घरी.
- बॅटरी, शिट्टी, चकाकणारं जॅकेट. कोयते-कुऱ्हाडी नकोत.
- वेळ आणि वाट रोज बदला. दररोज बाराला सुरू होऊन दोनला संपणारी गस्त चोराला अडीचची वेळ सुचवते.
- अनोळखी माणूस दिसला तर दहा-पंधरा पावलांवरून बोला, प्रकाश चेहऱ्यावर न मारता पायाशी मारा. उत्तर पटलं नाही तर ११२. पळाला तर दिशा बघा, पाठलाग करू नका.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या चर्चेनं गावंच्या गावं जागली. अशा दिवसांत सगळे थकलेले, चिडलेले असतात आणि रात्री उशिरा गावात शिरलेला ऊसतोड मजूर, फेरीवाला किंवा रस्ता चुकलेला ड्रायव्हर आयता सापडतो. तेव्हा गस्तीवर एक तरी वयस्क, शांत माणूस हवाच.

ग्रुपवर फोटो टाकून 'सावध राहा, पुढे पाठवा'

कुरिअरवाल्याचा किंवा भंगारवाल्याचा फोटो टाकून 'हा चोर आहे' लिहिणं म्हणजे बदनामी, आणि कधी कधी त्याच्या जिवाशी खेळ. शंका असेल तर फोटो आणि वेळ बीट अंमलदारांना (तुमचा भाग ज्यांच्याकडे सोपवलेला असतो त्या पोलिसांना) पाठवा, ग्रुपवर नको. सुरक्षेचा ग्रुप वेगळा ठेवा, त्यावर शुभ सकाळ आणि फॉरवर्ड बंद, आणि मेसेजचा साचा एकच : कधी, कुठे, काय दिसलं, पोलिसांना कळवलं की नाही. ग्रुपवर लिहिलं म्हणजे पोलिसांना कळलं, ही समजूत तर सगळीकडेच आढळते.

बाहेरगावी जाताना त्याच ग्रुपवर 'आम्ही १० दिवस केरळला' लिहिणारेही असतात. त्या ग्रुपमध्ये जुने भाडेकरू, माजी वॉचमन, इस्टेट एजंट कोण कोण अजून आहे, हे अ‍ॅडमिननं शेवटचं कधी पाहिलं?

कुलूप जाड, कोयंडा पातळ

बातमीत नेहमी 'कडी-कोयंडा उचकटून' असं असतं, 'कुलूप उघडून' क्वचितच. कारण साधं आहे. कुलूप हजार रुपयांचं असतं आणि कोयंडा अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर फळीला चिकटलेला असतो. पहार घालून एक झटका दिला की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा हातात येतो. कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टनं बसवा, नट आणि पट्टी आतून. लॅच असेल तर चौकटीवरच्या पट्टीचे छोटे स्क्रू काढून अडीच-तीन इंचाचे घाला, म्हणजे ते चौकटीच्या लाकडात खोल जातात. बाहेर लोंबणारं कुलूप 'घरी कोणी नाही' ही पाटीच असते, त्यामुळे दारातच बसणारं कुलूप बरं.

चोरटे आजूबाजूच्या घरांच्या कड्या बाहेरून लावून घेतात, म्हणजे आवाज आला तरी कोणी बाहेर येऊ नये. जिना एकच असलेल्या जुन्या इमारतींत हे हमखास. दाराची बाहेरची कडी वापरात नसेल तर काढूनच टाका. व्हरांड्यातला दिवा चालू ठेवून गावी जाऊ नका. भर दुपारी जळणारा दिवा लांबून कळतो. साधा टायमर लावा, आणि पेपर-दूध बंद करायला विसरू नका.

कॅमेरा आहे, पण चेहरा नाही

बहुतेक सोसायट्यांचे कॅमेरे बारा-चौदा फुटांवर असतात, कोणी तोडू नये म्हणून. वरून डोकी आणि टोप्या दिसतात. पार्किंगवर नजर ठेवायला ते ठीक आहे, पण येण्या-जाण्याच्या वाटेवर किमान एक कॅमेरा सात-आठ फुटांवर, अरुंद कोनाचा हवा. २.८ मिमीची लेन्स सगळं अंगण दाखवते आणि वीस फुटांवरचा चेहरा ठिपका होतो; फाटकाला ६ मिमी किंवा जास्त लेन्स घ्या. रात्रीच्या चित्रात पांढरं धुकं दिसत असेल तर कॅमेरा बिघडलेला नसतो. इन्फ्रारेड दिव्यामुळे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं लेन्ससमोर चमकतं. महिन्यातून एकदा कोरडा झाडू फिरवा. त्याच दिव्यानं नंबरप्लेटही पांढरी पडते, म्हणून फाटकाजवळ साधा एलईडी दिवा लावून इन्फ्रारेड बंद करून बघा.

आता साठवण. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसनं रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २१ जीबी लागतात. चार कॅमेरे, १ टीबीची डिस्क : अकरा दिवस. मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेलेलं कुटुंब परत येऊन चोरी बघतं, तेव्हा त्या रात्रीचं फुटेज पुसलं गेलेलं असतं. किमान तीस दिवस टिकेल एवढी डिस्क घ्या. दर महिन्याच्या १ तारखेला सगळ्यांत जुनं फुटेज लावून बघा; डिस्क बंद पडून चार महिने झालेत हे चोरीनंतर कळण्यापेक्षा बरं.

डीव्हीआर (फुटेज साठवणारा डबा) वॉचमनच्या केबिनमध्ये उघड्यावर नको, चोरटे तोच उचलून नेतात. बंद कपाटात, इन्व्हर्टरवर ठेवा. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असेल तर चोरीनंतर ते दुरुस्त करत बसू नका. खरी वेळ आणि डीव्हीआरची वेळ दोन्ही दिसतील असा मोबाइलवर फोटो काढा आणि फरक लिहून द्या. फुटेजची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून काम संपत नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मूळ डिस्क जपा आणि पोलिसांना त्यावरूनच कॉपी घेऊ द्या.

चोरी झाल्यावरच्या घाईतल्या चुका

कपाट उघडं दिसलं की बाई आधी आवरायला घेते, पुरुष काय गेलं ते मोजायला. दोन्ही थांबवा. बाहेर या, ११२ लावा, शेजाऱ्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. ठसेतज्ज्ञांना कपाटाचं दार आणि खिडकीची चौकट लागते, श्वानपथकाला चोराचा वास, आणि गर्दीनं दोन्ही जातं.

फिर्यादीत 'अंदाजे दहा तोळे' असं मोघम लिहू नका. वस्तूगणिक ग्रॅम, घडण, खूण लिहा. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो आजच, दागिना घरात असताना, फोटोसह लिहून ठेवा. माल परत मिळताना कोर्टात ओळख पटवायची असते, तेव्हा हाच कागद उपयोगी. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो.

मोबाइल चोरीला गेला असेल तर 'गहाळ' नोंदीवर समाधान मानू नका. ऑनलाइन गहाळ नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. फोनचा ओळख क्रमांक म्हणजे आयएमईआय (*#०६# दाबून दिसतो) आधीच टिपून ठेवा, तक्रारीची प्रत घेऊन सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा : गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि फिर्यादीला प्रत विनामूल्य मिळते. तरी नोंद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पाठवा.

वॉचमन आणि तोतया पोलीस

वॉचमन पहाटे पाणी सोडायला पंपाकडे जातो, मग गाड्या धुतो. त्या तासाभरात फाटकावर कोणी नसतं आणि हे बाहेरच्यालाही कळतं. गाड्या धुवायच्याच असतील तर त्यासाठी दुसरा माणूस ठेवा.

फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांना घरात आधीच सांगून ठेवा : खरा पोलीस रस्त्यात दागिने काढून रुमालात बांधायला सांगत नाही. 'पुढे चोरी झालीय, तपासणी चालू आहे' म्हणत पुडी करून देणारा तोतयाच. पुडीत नंतर दगड निघतात. मोठ्यानं बोलत जवळच्या दुकानात शिरायचं, वाद घालायचा नाही.

पोलीस फक्त चोरीनंतर आठवणं

१९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी नंतर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस आणि वस्तीतल्या लोकांची ओळख आधीपासून होती. तुमच्या भागाचे बीट अंमलदार कोण, हे ठाण्यात विचारलं की कळतं. त्यांना वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीआधी, सोसायटीत बोलवा.

त्या भेटीत बंद राहणाऱ्या घरांची यादी कागदावर, बंद पाकिटात द्या : फ्लॅट नंबर, तारखा, चावी कोणाकडे, जवळच्या नातेवाइकाचा नंबर. त्यासोबत कुठे दिवा नाही, कुठली भिंत तुटली आहे हेही लिहा. यादीच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्या. अंमलदारांची बदली झाली की नव्या माणसाला तीच प्रत दाखवता येते.