आधी चाल, मग वेग: मेलोडिक डेथ मेटलचं गाणं कसं बांधावं

मेलोडिक डेथ मेटल या हेवी मेटलच्या प्रकारात गायक गुरगुरतो. त्या आवाजात शब्द असतात, ताल असतो, पण ठाम स्वर नसतो. मग गाण्याची चाल सांभाळायची कुणी? गिटारनेच. १९९०च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या बँडनी डेथ मेटलच्या रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या तुकड्यावर) दोन गिटारांची सुरावट चढवली, ती याच जागेवर. ॲट द गेट्स या बँडचा १९९५चा 'स्लॉटर ऑफ द सोल' हा अल्बम साधारण ३४ मिनिटांत आटोपतो आणि त्यात सोलो मोजकेच आहेत. कौशल्य कुठे खर्चायचं याचा तो उत्तम धडा आहे.

१. चाल गुणगुणून बांधा

गिटार हातात असली की बोटं सरावातल्या पॅटर्नकडे धावतात, म्हणून ती बाजूला ठेवा. चार बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) चाल नॅचरल मायनरमध्ये, म्हणजे उदास छटेच्या स्केलमध्ये (स्वरमालिकेत), गुणगुणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. पाच-सहा स्वर पुरे होतात. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग न ऐकता ती आठवली नाही, तर खुशाल टाकून द्या. शेवटच्या बारमध्ये सातवा स्वर अर्ध्या स्वराने चढवला, तर मूळ स्वराकडे परतण्याची ओढ वाढते.

२. ट्यूनिंग

सी स्टँडर्डसाठी प्रत्येक तार नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवा. ०९-४२ चा सेट (आकडे तारांच्या जाडीचे) इथे लोळतो आणि जोरात पिक मारला की स्वर हलतो. ११-५६ च्या आसपासचा सेट लावा आणि बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (स्वर नेमका लागतो का) पुन्हा तपासा.

३. दुसरी गिटार

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ए मायनरमध्ये चाल ए-सी-बी-जी असेल, तर तिसऱ्याची हार्मनी (स्केलमध्ये प्रत्येक स्वरापासून तिसरा स्वर) सी-ई-डी-बी होते. अंतरं मोजा: ३, ४, ३, ४ सेमीटोन. पिच शिफ्टर (स्वर ठरावीक अंतराने चढवणारं यंत्र) सरसकट ४ वर ठेवला तर पहिल्याच स्वरावर सी शार्प येतो. तो मेजरचा स्वर, त्यामुळे काळोखी छटाच जाते. स्केलप्रमाणे चालणारी हार्मनी निवडा किंवा दुसरा भाग स्वतः वाजवा.

बेंडमध्येही, म्हणजे तार ताणून स्वर चढवतानाही, हाच सापळा आहे. एक गिटार बी वरून सी वर जाते तेव्हा दुसरी डी वरून ई वर जायला हवी, म्हणजे एकीचा बेंड अर्ध्या स्वराचा आणि दुसरीचा पूर्ण स्वराचा. दोघांनी सारखंच ताणलं तर एक जण बेसूर होणारच. बेंड किती वेळात पूर्ण करायचा आणि व्हायब्रॅटो (स्वराचं कंपन) किती रुंद ठेवायचा, हेही आधी ठरवून घ्या.

४. रिफ तोच, ड्रम वेगळे

नवा रिफ शोधण्याआधी जुन्याखालचा ताल बदलून पाहा: आधी जलद स्नेअर, मग हाफ टाइम (निम्म्या वेगाचा भासणारा ताल), शेवटी डबल बेस (दोन पायांनी वाजवलेला बेस ड्रम). ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिजलद सलग मारा, जपून वापरा. त्याच्या माऱ्यात चालीतले बारीक वळसे बुडतात.

५. आता कौशल्य

२०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) ४/४चा एक बार १.२ सेकंदांचा, म्हणजे १६ बारचा सोलो जेमतेम १९ सेकंदांचा. पहिले चार बार चालीलाच द्या आणि स्वीप पिकिंग (पिक एकाच दिशेने तारांवरून सरकवत स्वर काढणं) कॉर्ड बदलतानाच्या जागेसाठी राखून ठेवा. स्वीप संपताना नव्या कॉर्डमधल्याच स्वरावर उतरा, नाहीतर तो अधांतरी वाटतो. स्वीपचे स्वर एकमेकांत मिसळून कॉर्डसारखे ऐकू येत असतील, तर बोटं उशिरा उचलली जाताहेत. स्वर वाजताक्षणी बोटाचा दाब सोडा आणि खालच्या तारा उजव्या तळव्याने दाबून ठेवा. सराव १४० पासून करा. सलग तीनदा स्वच्छ वाजलं की ५ने वाढवा.

मग सोलो निम्म्या वेगात ऐका. तिथे फक्त स्केलची चढ-उतार उरली, तर तो भाग नव्याने लिहायला हवा.

६. शब्द आणि छाटणी

कडव्यात शब्द दाट असतील तर गिटारला पाम म्यूटवर (तळव्याने तारा दाबून, आवाज दबका करून) ठेवा. ध्रुवपदात शब्द कमी करा, म्हणजे चालीला जागा मिळते. गाणं साडेचार मिनिटांपलीकडे गेलं, तर आधी कडव्याच्या रिफची पुनरावृत्ती कापा. तरी लांब वाटलं तर सोलोचा ट्रॅक बंद करून ऐका. काहीच हरवल्यासारखं वाटलं नाही, तर सोलो १६ ऐवजी ८ बारचा करा.