सरकारी योजनेचे दर तज्ज्ञ डॉक्टरांना परवडेनासे होतात, तेव्हा रुग्णाने आपला उपचार कसा मिळवावा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एकत्रितपणे राबवल्या जातात आणि २०२४ पासून शिधापत्रिका असलेल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांचे संरक्षण मिळते. हा आकडा ऐकून अनेकांचा असा समज होतो की, रुग्णालयाला आपल्या उपचारासाठी ५ लाख रुपये मिळणार आहेत. प्रत्यक्षात ही कुटुंबाची वार्षिक मर्यादा आहे; रुग्णालयाला मात्र त्या विशिष्ट उपचाराचा ठरलेला पॅकेज दरच मिळतो. खाट, तपासण्या, औषधे, इम्प्लांट (स्टेंटसारखे शरीरात बसवायचे साधन), भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडे हे सारे त्याच रकमेत बसवावे लागते. इम्प्लांट आणि औषधे विकत आणावीच लागतात, त्यामुळे दर कमी झाला, अनेक वर्षे तोच राहिला किंवा बिलांचे पैसे थकले, की कात्री सहसा तज्ज्ञाच्या मानधनाला लागते. मुंबईतील खासगी रुग्णालयांत असे अनेक तज्ज्ञ पगारी नसून तीन-चार ठिकाणी ‘व्हिजिट’वर जाणारे असतात, जिथे मानधन उशिरा आणि अपुरे मिळते, तिथला त्यांचा वेळ हळूहळू आटत जातो. डॉक्टरांची ही अडचण खरी आहे आणि ती शासनानेच सोडवली पाहिजे, पण तिची किंमत आजारी माणसाने मोजावी हे मला कदापि मान्य नाही.

रुग्णाला या अडचणीपायी सरळ नकार मिळतो असे क्वचितच घडते. त्याला तारखा मिळत राहतात. ‘सर या आठवड्यात येणार नाहीत’, ‘योजनेच्या खाटा भरल्या आहेत, पंधरा दिवसांनी फोन करा’, ‘योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा असेल तर वरचे पैसे भरा’ ही तीन वाक्ये कानावर आली की सावध व्हावे. पहिल्या वाक्यावर त्याच विभागातील दुसरे तज्ज्ञ शस्त्रक्रिया करू शकतील का, हे विचारावे आणि मिळालेली तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी. दुसऱ्यावर खाट कधी रिकामी होईल हे विचारून त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णालयाचा शोध सुरू करावा. तिसऱ्या वाक्याबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. पॅकेजमध्ये असलेल्या उपचारासाठी लाभार्थ्याकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. तरीही कोणी मागितले, तर पावती मागावी आणि पावती नाकारली गेल्यास मागणी कोणी, कधी व किती रुपयांची केली, याची तिथेच नोंद करून ठेवावी.

रुग्णालय निवडताना ‘इथे योजना चालते का?’ एवढाच प्रश्न पुरेसा नसतो, कारण रुग्णालयाला विशिष्ट विभागांसाठी मान्यता असते आणि हृदयविकाराची मान्यता असलेल्या ठिकाणी मूत्रविकाराची असेलच असे नाही. योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर आपल्या आजाराचे नाव सांगून विचारावे. मग त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीकडे जावे. शिधापत्रिका, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड काढले असल्यास तेही, आणि आतापर्यंतचे सर्व रिपोर्ट मूळ व झेरॉक्स प्रतींसह एकाच फाइलमध्ये ठेवावेत. आरोग्यमित्राला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: पूर्वमान्यतेचा (उपचाराआधी योजनेकडून घ्यायच्या मंजुरीचा) अर्ज आज पाठवला जाईल का, आणि शस्त्रक्रिया कोणते डॉक्टर करणार आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर मान्यता मिळूनही रुग्ण ताटकळण्याची शक्यता असते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मान्यता घेण्याची सोय आहे, त्यामुळे ‘कागद पूर्ण झाल्याशिवाय दाखल करता येणार नाही’ असे सांगितले गेल्यास त्या सोयीचा उल्लेख आवर्जून करावा.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती शस्त्रक्रियेनंतरची देखरेख. मूतखडा काढल्यावर मूत्रवाहिनीत अनेकदा डीजे स्टेंट म्हणून ओळखली जाणारी बारीक नळी ठेवतात आणि बहुधा काही आठवड्यांत ती काढायची असते. डिस्चार्जच्या कागदावर ‘स्टेंट काढण्यासाठी यावे’ एवढीच ओळ असते, रुग्ण ठरल्या दिवशी येतो, तर डॉक्टर आलेले नसतात. काउंटरवर पुन्हा शुल्क सांगितले जाते आणि दुखत नसल्यामुळे रुग्ण घरी परततो. नळी महिनोन्‌महिने आत राहिली, तर तिच्यावर क्षार साचतात, जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते आणि काही मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून डिस्चार्ज घेण्यापूर्वीच नळी काढण्याची तारीख, डॉक्टरांचे नाव आणि हे काम त्याच पॅकेजमध्ये आहे की त्यासाठी नवी मान्यता लागेल, या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

खासगी रुग्णालयात मार्ग निघत नसेल, तर केईएम, शीव, नायर, कूपर किंवा जे. जे. या मुंबईतील सार्वजनिक रुग्णालयांचा विचार लवकर करावा. योजनेतील काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, हेही आधी विचारून घ्यावे, म्हणजे हेलपाटा वाचतो. खासगी ठिकाणांहून परतलेले रुग्ण इथेच येत असल्याने गर्दी होते आणि एमआरआयसारख्या तपासणीची तारीख लांबते. अशा वेळी आधीच्या तपासण्यांचे अहवाल व सीडी सोबत असल्यास किमान पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तिसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे.

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा अनुभव याहून फार वेगळा नाही. त्यांच्यासाठीच्या सीजीएचएस या केंद्रीय आरोग्य योजनेत तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण सल्ल्याचा दर एप्रिल २०२३ मध्ये १५० रुपयांवरून ३५० रुपये झाला. मुंबईसारख्या शहरात आधीच्या दराने ज्येष्ठ तज्ज्ञ किती वेळ देणार, हे सांगायला नको. पॅकेजचे दर १३ ऑक्टोबर २०२५ पासून सुधारले आहेत. त्यामुळे ‘जुन्या दरात परवडत नाही’ हे कारण आता ऐकून घेऊ नये आणि पेन्शनधारकांनी कॅशलेस सुविधेचा आग्रह धरावा.

तक्रार करताना ‘वागणूक वाईट मिळाली’ असे मोघम लिहू नये, कारण अशा तक्रारीवर कारवाई करणे कठीण असते. रुग्णालयाचे नाव, तारीख, उपचाराचे नाव, मिळालेल्या तारखांचा क्रम आणि मागितलेली रक्कम एवढेच लिहून पुरावे जोडावेत. आधी आरोग्यमित्र, मग योजनेचे जिल्हा समन्वयक आणि त्यानंतर योजना राबवणारी वरळी येथील राज्य आरोग्य हमी सोसायटी, असा क्रम ठेवावा. धर्मादाय रुग्णालयाची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करावी. दूरध्वनीवरून तक्रार नोंदवल्यास तिचा क्रमांक मागून घ्यावा आणि रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, तर उत्तराची वाट न पाहता त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे. तक्रार नंतरही पुढे चालवता येते.