ग्रीफ थेरपीत बसलात? मग या चुका टाळा

माणूस जाऊन वर्ष उलटलं, वर्षश्राद्ध पण झालं, तरी कालच गेल्यासारखं वाटतंय, घरातलं शेतातलं काहीच सुधरत नाही, तर याला प्रोलाँग्ड ग्रीफ, म्हणजे लांबलेलं दुःख म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) याला किमान ६ महिने धरलेत, अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या यादीत (डीएसएम) २०२२ पासून मोठ्या माणसांसाठी १२. यावर वेगळी थेरपी आहे, पण तिथं बसूनही लोक दुःखाला हात लावायचं टाळायला पळवाटा काढतातच.

सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे रिपोर्ट देणं. लातूरहून सोलापूरला किती वाजता हलवलं, अँब्युलन्सवाल्यानं किती घेतले, बेड कुठं मिळाला नाही, सगळं तोंडपाठ अन् आवाज एकदम सपाट. त्यात 'मी' कुठंच नसतो, 'घरच्यांना लई लागलं' एवढंच. तासभर बोलून थकतो म्हणून वाटतं आज खूप मोकळं झालो! त्यापेक्षा एकाच क्षणावर थांबा, डॉक्टर बाहेर आले तेव्हा हातपाय गार पडले का, घसा दाटला का, ते सांगा. थेरपिस्ट डोळे मिटून आत्ता घडतंय असं सांगायला लावतात अन् त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायला देतात ते याच्यासाठीच. ते न ऐकता 'वेळच नाही मिळाला' सांगणारे काय कमी नाहीत.

दुसरं जर-तर. 'त्या दिवशी फवारणीला जाऊच दिलं नसतं तर...' यात रडू पण येतं म्हणून पळवाट आहे हे कळतच नाही, पण दर वेळी तेच रडणं असेल अन् 'ते आता नाहीत' हे वाक्य एकदाही तोंडातून निघत नसेल तर गाडी तिथंच अडकलीय.

अन् रडू आलंच पाहिजे असं काही नाही. बाप्या माणसाला दहाव्यालाच सांगतात, तू खचलास तर घर कोण बघील, मग त्याचं दुःख रागातून निघतं, निघू द्या. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला अन् बाईला त्याचाच राग येतो, 'आम्हाला टाकून गेला', हे बोलायला सगळ्यात जड जातं, त्यात शेजारी सासू नाहीतर दीर बसलेला असला की संपलंच. एकटीला आत बसू द्या म्हणून सांगा सरळ. स्वतःच्याच जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असले तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, रात्री पण.

नुसत्या गोळीवर पण राहू नका, डिप्रेशनला फायदा होतो, या दुःखाला तेवढा नाही. बाकी एखाद्या लग्नात पोटभर हसलात, मॅच बघितली, तर ती पळवाट नाही, जीवाला तेवढी सुट्टी लागते. पण ज्या सेशनला फोटो आणायला सांगितलाय नेमकं त्याच दिवशी मोंढ्यात काम निघालं, तर थेरपिस्टला फोन करून खरं कारण सांगा.