बाइट बरोबर, मजकूर चूक: एन्कोडिंग बदलताना या चुका टाळा

एका सिस्टीमवरून दुसरीकडे मजकूर पाठवला की नेटवर्कवरून जातात ते नुसते आकडे. ते कोणत्या तक्त्यानुसार, म्हणजे एन्कोडिंगनुसार, वाचायचे हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ या जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत बसतं. तेच बाइट विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्याने वाचले तर तीन भलतीच चिन्हं दिसतात, आणि एररही येत नाही.

अशा वेळी हात पहिल्यांदा एन्कोडिंग बदलणाऱ्या कन्व्हर्टरकडे जातो. तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

बिघाड न ओळखता कन्व्हर्टर चालवणं

मराठी मजकुराच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला लॅटिन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतोय? मग डेटा बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचला जातोय. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो, म्हणून ही खूण लगेच ओळखू येते. इथे फाइल बदलायची नाही. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला यूटीएफ-८ सांगायचं.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बाइट उघडून बघा. तिथे ६३ हाच आकडा असेल तर वाटेत कुणीतरी मजकूर अशा तक्त्यात बसवला आहे जिथे देवनागरी नाहीच. तो परत येणार नाही. मूळ स्रोताकडूनच पुन्हा मागवा. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह मात्र फसवं. ते फक्त पडद्यावर असेल तर मूळ बाइट अजून जागेवर असू शकतात, पण फाइलमध्येच २३९, १९१, १८९ लिहिले गेले असतील तर खेळ संपला. रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट तपासा, बाकी कशाला हात लावू नका.

यूटीएफ-८ ला पुन्हा यूटीएफ-८ करणं

आधीच यूटीएफ-८ असलेली फाइल विंडोज-१२५२ समजून ‘कन्व्हर्ट’ केली की तीन बाइटांचं अक्षर सहा-सात बाइटांचं होतं. फाइल अचानक दुपटीहून मोठी झाली तर संशय इथेच घ्या. उलट दिशेने तेच पाऊल टाकून मजकूर सोडवता येतो, पण मराठीत यात एक खोच आहे. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१ आणि ऱ्हस्व उकाराचा १२९. विंडोज-१२५२ मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. काही प्रोग्रॅम ते बाइट तसेच पुढे ढकलतात, काही टाकून देतात. टाकून दिले असतील तर दुरुस्तीनंतर जोडाक्षरं सुटी पडलेली आणि उकार गायब झालेले मिळतील.

‘आयकॉन्व्ह’सारख्या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनात न जमणारी चिन्हं वगळण्याची सोय असते. मी ती बंदच ठेवतो. कन्व्हर्जन अडकलं तर ते का अडकलं हे कळायलाच हवं.

मेनफ्रेमची अख्खी फाइल एका झटक्यात बदलणं

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांची मध्यवर्ती संगणक-यंत्रणा, आणली तेव्हापासून तिथे एब्सिडिक हे आयबीएमचं स्वतःचं एन्कोडिंग चालतं. ॲस्की या इंग्रजीच्या नेहमीच्या तक्त्यात कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, एब्सिडिकमध्ये १९३. निव्वळ मजकूर असेल तर फाइल पाठवण्याच्या एफटीपी पद्धतीचा ॲस्की मोड हे रूपांतर करून देतो. पण रेकॉर्डमध्ये पॅक्ड डेसिमल रकमा असतील तर घात होतो. तिथे एका बाइटात दोन अंक कोंबलेले असतात. ‘४०’ हे अंक ठेवणारा बाइट आणि एब्सिडिकमधली रिकामी जागा (स्पेस) एकच असतात. कन्व्हर्टर ती जागा समजून ॲस्कीतली जागा लिहितो, जिचा पॅक्ड अर्थ होतो ‘२०’. रक्कम बदलली, तक्रार कुणाचीच नाही. अशी फाइल बाइट न बदलणाऱ्या बायनरी मोडमध्ये आणा आणि कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डांचा आराखडा) समोर ठेवून फक्त मजकुराची फील्ड बदला.

शिवाय एब्सिडिक म्हणजे एकच तक्ता नव्हे. ०३७ आणि १०४७ या त्याच्या कोड पेजेसमध्ये (तक्त्याच्या आवृत्त्यांमध्ये) चौकोनी कंसांचे आकडे वेगळे आहेत. बाकी मजकूर नीट येऊन फक्त कंस बिघडले असतील तर कोड पेज चुकलंय.

अक्षरं मोजणं, बाइट न मोजणं

‘नमस्कार’मध्ये युनिकोडची (जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीतली) ७ चिन्हं आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये बाइट २१. वेबवर मजकूर पाठवणाऱ्या एचटीटीपीच्या, बाइटांत लांबी सांगणाऱ्या हेडरमध्ये ७ लिहिलं तर पलीकडे ‘नम’ आणि एक तुटका बाइट पोचेल.

हाच प्रकार सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्क जोडणीवरून, वाचताना होतो. ४०९६ बाइटांच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) सलग देवनागरीची १३६५ चिन्हं मावतात आणि एक बाइट उरतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे डीकोड केला, म्हणजे बाइटांवरून चिन्हांत आणला, तर नेमकं सांध्यावरचं चिन्ह फुटतं. छोट्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. उरलेला बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणारा डीकोडर वापरा.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुना ‘यूटीएफ८’ पर्याय ३ बाइटांवरच थांबतो. मराठी नीट बसते, इमोजी अडकतो. ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा, आणि टेबलाइतकंच कनेक्शनचं एन्कोडिंगही तपासा.

सगळं नीट दिसतंय, तरी शोध लागत नाही? ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एकाच कोडनेही लिहिता येतो आणि ‘र’ला नुक्ता (खालचं टिंब) जोडूनही. दिसायला सारखे, बाइट वेगळे. साठवण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या जोडलेल्या रूपात आणला की ही अडचण मिटते.

बिघाड कुठे झाला हे शोधायला ‘दुसऱ्या’सारखा शब्द आणि एक इमोजी अशी छोटी ओळ पाठवा, आणि प्रत्येक टप्प्यावर हेक्स डंप (बाइटांची आकड्यांतली यादी) काढून मूळ बाइटांशी ताडून बघा. आकडे ज्या टप्प्यावर पहिल्यांदा बदलतात, दुरुस्ती तिथेच करायची.