जवान सुट्टीवर आला की पहिला आठवडा

लष्करातल्या जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक सुट्टी असते, आणि खटके उडतात ते बहुधा पहिल्याच आठवड्यात. कारण साधं आहे: बँक, शाळा, सासूबाईंची औषधं हे सगळं बायकोनं एकटीनं निभावलेलं असतं, आणि तो आल्या आल्या हिशेब विचारतो.

म्हणून पहिले 3 दिवस कुठलाही निर्णय नको. पहाऱ्याची सवय लागलेला माणूस रात्री दोनला उठून बसतो. त्याला रुसवा समजू नका. लहान लेकरू बापाला बघून आईच्या पदराआड लपेल. ओढून मांडीवर घेऊ नका. शेजारी बसा, भाकरीचा तुकडा पुढे करा, वाट बघा.

चौथ्या दिवशी दोघांनीच वही घेऊन बसा: कर्जाचा हप्ता, फी, गावी द्यायचे पैसे. खातं दोघांच्या नावावर नसेल तर याच सुट्टीत करा. नवं लग्न असेल तर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची लष्कराच्या दप्तरी होणारी नोंद, निघाली का ते आधी विचारा; ती नसेल तर बायकोचं डिपेंडंट कार्ड, म्हणजे जवानाच्या कुटुंबीयांचं ओळखपत्र, अडतं.

झोप येईनाशी झाली, दारू वाढली, तर 14416 वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. सैन्यदलांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आहे.