नव्या अंपायरसाठी: मैदानात कुणाला लागलं तर

अंपायरिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं एलबीडब्ल्यू आणि नो-बॉल घोटून येतात. दुखापतीचे नियम मात्र नुसते चाळतात. क्लबच्या सामन्यात खरी गडबड होते ती तिथेच. डॉक्टर नसतो, मॅच रेफरी नसतो, दोन्ही कॅप्टन आपापलं म्हणणं रेटत असतात आणि निर्णय तुम्हालाच द्यायचा असतो.

पहिल्यांदा एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा क्लब) नियमांतला विसावा नियम पक्का करा. खेळाडूला किंवा अंपायरला गंभीर इजा झाली असण्याची शक्यता दिसली की 'डेड बॉल' पुकारायचा, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ तिथेच थांबतो. शक्यता पुरेशी आहे, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. एकदा माझ्यासमोर बाउन्सर थेट हेल्मेटवर बसला. फलंदाज दोन पावलं भेलकांडला आणि क्रीजबाहेर गुडघ्यावर आला. चेंडू गलीकडे (स्लिपच्या शेजारची फील्डिंगची जागा) गेला होता, फील्डरने तो उचलून स्टंपवर नेम धरला. मी हात हलवत ओरडलो, 'डेड बॉल!' गलीवाला चिडला, "सर, बाहेर आहे तो!" बाहेर होताच, पण त्याला कुठे आहोत याची शुद्धही नव्हती.

डोक्याला लागलेला खेळाडू 'मी ठीक आहे' म्हणतो, त्यावर जाऊ नका. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराच्या टी-20 सामन्यात जडेजाच्या हेल्मेटला शेवटच्या षटकात चेंडू लागला, तरी तो डाव संपेपर्यंत खेळला. नंतर त्याच्या जागी आलेल्या चहलने तीन बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने नाराजी दाखवली. माझ्या मते तो बदल योग्यच होता. चक्कर, मळमळ कधीकधी उशिरा सुरू होते. असा कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला धक्का) बदली खेळाडू आयसीसीने 2019 पासून आणला, पण ती स्पर्धेच्या नियमावलीतली तरतूद आहे. तुमच्या लीगमध्ये ती आहे का, हे टॉसच्या आधी वाचून घ्या.

साधा बदली खेळाडू चोविसाव्या नियमात येतो. फील्डर सामना सुरू असताना जखमी किंवा आजारी झाला असेल, किंवा तुम्हाला पूर्णपणे पटणारं दुसरं कारण असेल, तरच बदली मिळतो. तो बॉलिंग करू शकत नाही, कॅप्टन होऊ शकत नाही, आणि कीपिंग करायची तर तुमची संमती लागते. वाद पेटतो तो मूळ खेळाडू परतल्यावर. आठ मिनिटांपेक्षा जास्त बाहेर राहिलेला बॉलर जितका वेळ बाहेर होता तितका वेळ, जास्तीत जास्त 90 मिनिटं, मैदानात काढल्याशिवाय बॉलिंग करू शकत नाही. चेंडू लागून किंवा बाहेरून मार बसून गेला असेल तर ही अट नाही. स्नायू ताणला, उन्हाने पोटऱ्यांत गोळे आले, पोट बिघडलं, तर अट लागू. विदर्भात मे महिन्यात उभं राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कॅप्टन म्हणणारच, "सर, आजारी होता हो पोरगा." आजारपणाला सूट नाही, हे शांतपणे सांगा. कोण किती वाजता बाहेर गेला, हे तेव्हाच डायरीत लिहिलेलं असेल तर वाद तिथेच मिटतो.

फलंदाज दुखापतीने किंवा आजाराने गेला तर स्कोअरबुकात 'रिटायर्ड, नॉट आउट'. तो परत येऊ शकतो, पण विकेट पडल्यावर किंवा दुसरा कुणी रिटायर झाल्यावरच.

बाय-रनर, म्हणजे जखमी फलंदाजाच्या वतीने धावणारा, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून 2011 मध्ये गेला. एमसीसीच्या नियमांत तो अजून आहे, त्यामुळे मागणी होणारच. पळायला अडवणारी दुखापत याच सामन्यातली असली पाहिजे. रनर शक्यतो आधी बॅटिंग केलेला हवा, फलंदाजासारखेच पॅड-ग्लोव्हज आणि हातात बॅट हवी. आणि हे पाठच करा: स्ट्राइकवरचा जखमी फलंदाज स्वतः क्रीजबाहेर असताना कीपरच्या बाजूचे स्टंप उडाले, तर रनर कुठेही असो, फलंदाज आउट.

आझाद मैदानासारख्या ठिकाणी एक काळजी जास्तीची. पिचेस इतकी जवळ असतात की शेजारचा चेंडू आपल्या फील्डरच्या पाठीवर येतो. जानेवारी 2024 मध्ये माटुंग्यात दुसऱ्या सामन्यातला चेंडू डोक्याला लागून एक खेळाडू दगावला. कुणाची पाठ शेजारच्या पिचकडे आहे ते दर षटकाआधी बघा, तिकडच्या अंपायरशी आधीच बोलून ठेवा. फर्स्ट एडची पेटी कुठे आहे आणि हॉस्पिटलला न्यायला कुणाची गाडी आहे, हे टॉसलाच दोन्ही कॅप्टनना विचारा.